रायत्याच्या पुलाअलीकडे

आमच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, की शहापूर-मुरबाड रस्ता आणखी रुंद करायला माझा विरोध आहे. मागच्या रांगेतून एक जण मोठ्याने हसला. माझाच विद्यार्थी, आता दोन मुलांचा बाप. म्हणाला, "गुरुजी, याच ओट्यावर उभं राहून तुम्ही सांगितलं होतंत, रस्त्याला जमीन देणारा सात पिढ्यांचं पुण्य कमावतो. ते पुण्य आता नको झालं का?" सभा हसली. मीही हसलो, कारण दुसरं काही सुचेना. विषय पुढे गेला, पाणीपट्टीवर आला. त्याला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. म्हणून हे लिहायला बसलोय.

मी मूळचा मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याच्या अंगाचा. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक म्हणून सगळी नोकरी शहापूर तालुक्यात गेली. घर बांधलं तेही इकडेच, शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून. मुद्दाम रस्त्याला लागून. आतल्या बाजूला, विहिरीजवळ, निम्म्या भावात जागा मिळत होती. बायको म्हणाली, "अहो, तिथे सावली आहे, पाणी आहे." मी ऐकलं नाही. रस्त्यापासून लांब राहायची मला भीती वाटायची.

त्या भीतीचं कारण 1989 सालचं आहे. ऑक्टोबर महिना, भातकापणी चाललेली. संध्याकाळी भारे उचलताना वडिलांच्या पायाला घोणस चावली. रात्री त्यांना जीपमधून कल्याणला नेत होतो. रायत्याला उल्हास नदीवर पूल आहे, त्या पुलाच्या अलीकडे ते गेले. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्डा आला की ते उसळायचं आणि मी दोन्ही हातांनी दाबून धरायचो. गेले हे कळल्यावरही तसाच धरून होतो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. त्या रात्रीचं बाकी पुसट झालंय, ते डोकं उसळणं तेवढं हातात राहिलंय.

तेव्हापासून माझ्या लेखी वडिलांना मारलं ते खड्ड्यांनी. घोणशीचा मला इतका राग आला नाही. साप आपल्या वाटेने जात होता. रस्त्याला मात्र मी माफ केलं नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षं मी अर्ज लिहिले. रस्ता दुरुस्त करा, रुंद करा, डांबर टाका. गावातलं कुणी तहसीलला निघालं की माझा एक अर्ज त्याच्या पिशवीत असायचाच. शाळेत निबंधाला विषय द्यायचो 'आमच्या गावाला चांगला रस्ता झाला तर'. पोरं लिहायची: तर एसटी येईल, तर आई बाजाराला जाईल, तर डॉक्टर येतील. मी लाल शाईने 'छान' लिहायचो.

असा माणूस समृद्धी महामार्गाच्या बाजूने उभा राहणार, यात नवल ते काय? नागपूरपासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटर, दहा जिल्हे, 392 गावं. त्यातला शेवटचा मोठा टप्पा आमच्या शहापूर तालुक्यातून जाणार होता. 2016-17 साली मोजणीवाले आले तेव्हा तालुक्यात चांगलाच भडका उडाला. सुरुवातीला योजना लँड पूलिंगची होती, म्हणजे जमीन द्यायची आणि मोबदल्यात विकसित भूखंडाचा तुकडा घ्यायचा. ती लोकांनी धुडकावली. मग थेट खरेदी आली आणि बाजारभावाच्या पाचपट दराची भाषा सुरू झाली. गावोगाव बैठका. कागद इंग्रजाळलेल्या सरकारी मराठीत, म्हणून वाचायला मला बोलवायचे. मी वाचून दाखवायचो आणि वर माझं पदरचं घालायचो. पुण्याचं ते वाक्य तेव्हाचंच.

एका बैठकीत एक म्हातारे कुणबी शेतकरी बसले होते. त्यांची दीड एकर भातजमीन जाणार होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "गुरुजी, नळ पन आपल्याच शिवारातून गेला ना? पानी कुठं हाय?"

मला राग आला. वाटलं, म्हातारा विषयाला फाटे फोडतोय. म्हणालो, "बाबा, पाणी वेगळं आणि रस्ता वेगळा." ते काही बोलले नाहीत. बिडी पेटवली. पुढे त्यांनी सही केली, आणि त्या सहीत माझा हात होता.

बाहेरच्या वाचकाला त्यांचा प्रश्न समजावा म्हणून एवढं सांगतो. मुंबईला तानसाचं पाणी 1892 पासून जातं. 1957 साली वैतरणेवर मोडकसागर झाला. मग भातसा, आणि 2014 साली मध्य वैतरणा. मुंबई जे पाणी पिते त्यातला सगळ्यात मोठा वाटा एकट्या भातसाचा. ही बहुतेक धरणं शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या कुशीत आहेत. बैल आत उभा राहील एवढ्या जाडीच्या पाइपलाइनी आमच्या शिवारातून, गावांना खेटून जातात. आणि एप्रिल उजाडला की त्याच गावपाड्यांवर टँकर सुरू होतात. बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट बघतात. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख आहे. म्हाताऱ्याला एवढंच म्हणायचं होतं, की जे आपल्या शेतातून जातं ते आपल्याकडे येतंच असं नाही. सव्वाशे वर्षांचा अनुभव त्याने एका वाक्यात सांगितला होता, आणि मी, शिकवणारा माणूस, त्याला गप्प बसवलं होतं.

माझं मत एका दिवसात बदललं नाही. आधी घरात धूळ आली.

शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, 548 अ. म्हणजे माझ्या दारातला रस्ता. रुंदीकरण सुरू झालं तेव्हा मी पेढे वाटले होते. समोरचं जांभूळ आणि दोन आंबे पडले. मी मनाशी म्हणालो, झाडं पुन्हा लावता येतात. मग मुरूम आला, खडी आली, हायवा गाड्यांची रीघ लागली. समृद्धीचं कामही तालुक्यात त्याच सुमाराला जोरात होतं. डोंगर फोडायला सुरुंग, खडीला क्रशर, काँक्रीटला प्लांट. रस्ता करायचा तर दगड कुठून तरी फुटणारच. यात कुणा एकाचा दोष काढायला मी बसलेलो नाही. धूळ हा रस्त्याच्या कामाचा अपघात नव्हे, तो त्याचा एक भागच आहे. आमच्या पडवीत सकाळी केर काढला तरी दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. वाल, मिरची, भाताची रोपं सगळी पांढरी. बायको तुळशीला पाणी घालायच्या आधी तिचं एकेक पान धुवायची.

नात तेव्हा चार वर्षांची. रात्री तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. आधी वाटलं सर्दी. मग एका रात्री तिच्या बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या आणि मुलाने तिला उचलून मोटरसायकलवर घातलं. नंतर वाफ द्यायचं यंत्र घरातच आणलं. तो छोटा मुखवटा तोंडाला लावून ती माझ्या मांडीवर बसायची, तिचं डोकं माझ्या छातीवर. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब ठेवा. मी विचारलं, किती लांब? ते हसले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नातीचा दमा रस्त्याने झाला असं मी सिद्ध करू शकत नाही. सुनेच्या माहेरी दमा आहे. रस्ता नसता तरी कदाचित झाला असता. पण डॉक्टरांना विचारलेला तो प्रश्न डोक्यातून जाईना. किती लांब? मग मी वाचायला लागलो. निवृत्त शिक्षकाला वेळ असतो.

त्याचं एक उत्तर सापडलं. वाहनांच्या धुरावर झालेली शेकडो संशोधनं तपासून अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने 2010 साली निष्कर्ष मांडला, की मोठ्या रस्त्यापासून साधारण 300 ते 500 मीटरच्या पट्ट्यात या धुराचा मारा सगळ्यात जास्त असतो, आणि मुलांचा दमा त्याने बळावतो याला पुरावा पुरेसा आहे. मी वही घेऊन गावातून चालत गेलो. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, देऊळ, माझं घर, सगळं त्या पट्ट्यात. का असणार नाही? एसटीचा थांबा रस्त्यावर, म्हणून टपरी रस्त्यावर, म्हणून गावही हळूहळू रस्त्याकडे सरकलं. माझ्यासारखी माणसं जास्त पैसे मोजून सरकली.

आणखी वाचलं. डोळ्यांना दिसणारी, पानांवर बसणारी धूळ त्यातल्या त्यात बरी, ती नाकाघशात अडकते. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक, ते फुप्फुसाच्या तळाला जातात आणि तिथून रक्तात. काम संपलं की पांढरी धूळ बसेल, पण हे कण बसणार नाहीत, कारण ते गाड्यांबरोबर येतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 साली निःसंदिग्ध जाहीर केलं. याच संघटनेने 2021 साली या बारीक कणांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाची अधिकृत मर्यादा 40 आहे.

लंडनमधल्या एका मुलीची गोष्ट याच वाचनात भेटली. एला अडू-किसी-डेब्रा, वय नऊ. वाहत्या हमरस्त्यापासून जवळच तिचं घर होतं. दम्याने 2013 साली गेली. तिची आई सात वर्षं झगडली, आणि 2020 च्या डिसेंबरात तिथल्या कॉरोनरने मृत्यूच्या कारणांमध्ये 'हवेचं प्रदूषण' हे शब्द लिहिले. आमच्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहितात मला ठाऊक आहे. गावातले बरेच दाखले मीच भरून दिलेत. 'दमा'. 'वार्धक्य'. 'छातीत दुखून'. रस्ता असं कारण मी कुठे लिहिलेलं नाही. वडिलांच्या बाबतीत मात्र मनात तेच लिहिलं होतं. गंमत आहे.

दरम्यान 31 जुलै 2023 ची रात्र आली. शहापूर तालुक्यातच, सरलांब्याजवळ, समृद्धीच्या पुलाचे गर्डर बसवायचं अजस्र यंत्र मध्यरात्रीनंतर कोसळलं. वीस माणसं गेली. बरेचसे उत्तरेकडून, बंगालकडून पोटासाठी आलेले. पहाटेपासून आमच्या बाजूला रुग्णवाहिकांचे आवाज ऐकू येत होते. मी ओट्यावर बसून होतो. सात पिढ्यांचं पुण्य कमावणाऱ्यांच्या यादीत ही माणसं मी धरली नव्हती. त्यांची शेतं जायची नव्हती, त्यांना या रस्त्यावरून कधी जायचंही नव्हतं.

त्याच वर्षी भातकापणीच्या दिवसांत, रात्री नऊच्या सुमाराला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आत डोंगराकडच्या वाडीतला ठाकर मुलगा. "गुरुजी, बापाला घोणस चावली." माझे हातपाय गार पडले. त्यांच्या वाडीला अजून धड रस्ता नाही. पावसाळ्यात अर्धी वाट ओढ्यातून. मी ओरडलो, "आधी मोठ्या रस्त्याला आणा त्याला!" तो म्हणाला, "आनलाच नाय गुरुजी. खालच्या दवाखान्यात नेला. औषध होतं, लावलंय." झोळीतून अर्धा तास चालत त्यांनी बापाला जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं होतं. तिथे त्या रात्री डॉक्टर होते आणि सर्पदंशाच्या औषधाच्या कुप्या होत्या. मग 108 ची गाडी आली आणि पुढे हलवलं. माणूस जगला. आजही भात लावतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे मी वही काढली आणि जे चौतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. वडिलांच्या त्या रात्रीचा हिशेब मांडला.

संध्याकाळी साडेसहाला चावली. आम्ही आधी भगताकडे नेलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी डीएड झालेला, मी विरोध करायला हवा होता, आणि मी भगतासाठी नारळ आणायला धावलो. तिथे दीड तास. मग सरकारी दवाखाना. डॉक्टर नव्हते, औषध नव्हतं, कुणीतरी येतोय म्हणून थांबलो. पाऊण तास. मग जीप शोधायला एक तास. आणि मुरबाडवरून रायत्यापर्यंत पाऊण तास. रस्ता चांगला असता तर त्या पाऊण तासाचा अर्धा तास झाला असता.

पंधरा मिनिटं. चार तासांतली पंधरा मिनिटं मी उचलली आणि त्यावर सगळं आयुष्य उभं केलं. उरलेल्या पावणेचार तासांतला दीड तास माझा स्वतःचा होता, म्हणून तो मोजायचा नव्हता. खड्ड्यावर सगळा भार टाकणं सोपं होतं. नारळ आणायला कोण धावलं, हे खड्डा विचारत नाही.

घोणशीच्या विषावर आजच्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. हे औषध परळच्या हाफकिन संस्थेत कित्येक दशकं तयार होत आलंय, आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत. कोरडी पावडर, थंड कपाटातही टिकते. त्या रात्री आम्हाला हव्या होत्या त्या दहा कुप्या आणि टोचणारा हात. आणि मी जन्मभर मागत राहिलो रस्ता. दवाखान्यापर्यंत लवकर पोचायचा रस्ता मागितला, दवाखाना मागितला नाही. आमच्या सगळ्या तालुक्याने हेच केलं. दवाखाना कल्याण-ठाण्याला, कॉलेज ठाण्याला, नोकरी मुंबईला, आणि मागणी एकच, तिकडे जायचा रस्ता रुंद करा. ही मागणी पुरवायला कुणाचीच हरकत नसते. डॉक्टर नेमायला पगार लागतो, दरवर्षी लागतो, आणि त्याच्या कोनशिलेला नारळ फोडता येत नाही.

असं डोळ्यांवरचं एकदा उतरलं की बाकीचंही दिसायला लागतं. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. नागपूर-मुंबईचा प्रवास आठ तासांवर आला, मोठी गोष्ट आहे. पण मधल्या आमच्या तालुक्याला त्यावर चढा-उतरायला जागा एकच, खुटघरची. आणि चढणार कोण? दुचाकी आणि रिक्षाला तिथे बंदी आहे. वेग बघता ती योग्यच आहे. पण आमच्या गावात दुचाकी घरटी एक आणि चारचाकी बोटांवर मोजण्याइतक्या. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना तो रस्ता पुलाखालून बघायचाय. म्हातारे कुणबी बाबा आता नाहीत. असते तर मी त्यांना सांगितलं असतं, तुमचं खरं होतं. नळासारखाच आहे. फक्त यातून पाण्याऐवजी गाड्या जातात.

आणि गाड्या जाऊन पोचतात कुठे? आमण्याहून त्या वडप्याला जुन्या मुंबई-नाशिक महामार्गावर उतरतात. नव्या रस्त्याने जुन्याचा भार हलका होईल असं मीच बैठकांत सांगायचो. आता वडपे ते ठाणे हा पट्टा आठ पदरी करायचं काम चाललंय, कारण एवढ्या गाड्या पुढे मावत नाहीत. म्हणजे एका रस्त्याच्या पोटी दुसऱ्या रस्त्याची मागणी जन्मते. ड्यूरँटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2011 साली अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी मांडून हेच दाखवलं होतं. रस्त्यांची लांबी-रुंदी जितक्या टक्क्यांनी वाढते, साधारण तितक्याच टक्क्यांनी गाड्यांची धावही वाढते. कोंडी होती तिथेच येऊन थांबते. आमच्याकडे म्हणतात, ढेकूण वाढले म्हणून खाट मोठी केली.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या हसण्यामागचा खरा प्रश्न. मग तुम्ही वापरता का तो समृद्धीचा रस्ता? वापरतो. खोटं कशाला बोलू? गेल्या दिवाळीत मुलाच्या मित्राच्या गाडीतून नाशिकला गेलो. कसारा घाटाच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा. घाटात दरडीची भीती नाही, ट्रकच्या मागे धूर खात बसणं नाही. काचा बंद, गार हवा. मला आवडला तो प्रवास. परत येताना बोगद्याच्या तोंडाशी मला एवढंच वाटलं, की काचेच्या आतल्या माणसाला धूळ कधीच दिसत नाही. बैठकांमध्ये मी आतूनच बोलत होतो.

म्हणून मी रस्त्यांच्या विरोधात नाही. पावसाळा आला की शहापूर-मुरबाडच्या कुठल्या ना कुठल्या पाड्यावरून बाळंतिणीला झोळीतून आणल्याची बातमी येते. त्या पाड्याला तीन मीटर रुंदीचा पक्का रस्ता आणि ओढ्यावर साकव हवा, त्यासाठी मी आजही अर्ज लिहितो. माझा विरोध आहे तो असलेला मोठा रस्ता आणखी मोठा करत राहण्याला, तोच विकास असं म्हणत राहण्याला. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये माणसं लोंबकळतात आणि तिसऱ्या मार्गिकेचं काम वर्षानुवर्षं रेंगाळतं. कल्याण-मुरबाड रेल्वेची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. रुळांवरून गेलेल्या हजार माणसांचा धूर अंगणवाडीत येत नाही. पण रुळांसाठी आमच्यापैकी कुणी रस्त्यावर उतरलं तरी ते मागणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं जातं.

आणि विचारायची सोयही नाही. 2013 पासूनच्या नियमानुसार राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण शंभर किलोमीटरपेक्षा लांब असेल, आणि आहे त्या मार्गावर चाळीस मीटरपेक्षा किंवा नव्या वळणावर साठ मीटरपेक्षा जास्त जागा लागणार असेल, तरच पर्यावरणाची मंजुरी आणि तिच्यासोबतची जनसुनावणी लागते. शहापूरहून खोपोली शंभरच्या आत. अशा कामाला वनजमिनीची परवानगी लागते, पण अंगणवाडीतल्या पोरांच्या छातीचं काय, हे विचारायला सरकारी सतरंजी कुठे अंथरली जात नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीच्या वेळीच बांधावर उभं राहून विचारलं. त्यांचं सगळंच बरोबर असेल असं नाही. पण त्यांनी वेळेवर विचारलं. मी पेढे वाटून झाल्यावर विचारतोय.

घर आता हलवता येत नाही. रस्त्याच्या कडेला आम्ही करंज, कडुनिंब आणि जांभूळ लावलंय. खडीच्या गाड्यांवर ताडपत्री असावी, गावाच्या हद्दीत दिवसातून दोनदा पाणी मारावं, शाळा भरताना-सुटताना अवजड गाड्या थांबाव्यात, असा ठराव ग्रामसभेत मांडला. पहिल्या सभेत हसले, दुसऱ्या सभेत मंजूर केला. ताडपत्री काही गाड्यांवर दिसते, काहींवर नाही. नात आता सात वर्षांची आहे. दिवाळीनंतरचे दोन महिने अजून त्रासाचे जातात. ती म्हणते, "आबा, आपण विहिरीजवळ घर का नाही बांधलं?" बायको माझ्याकडे बघते आणि काही बोलत नाही.

ज्याने हसून विचारलं त्या माझ्या विद्यार्थ्याला उत्तर म्हणून एवढंच. पुण्याचं ते वाक्य मी मागे घेतो. ते माझ्या शोकातून आलं होतं, आणि शोकाला हिशेब येत नाही.

आता दरवर्षी मृगाच्या आधी मी आमच्या आरोग्य केंद्रात जातो. पायी, आतल्या वाटेने. कपाटाशी उभा राहून विचारतो, "घोणशीच्या औषधाच्या किती कुप्या आहेत?" तिथली परिचारिका मला ओळखते. पहिल्या वर्षी ती वैतागली होती. यंदा मी पायरी चढायच्या आतच तिने आतून आवाज दिला, "चोवीस आहेत गुरुजी, तारीख पुढच्या वर्षाची." तरी मी आत गेलो आणि मोजल्या.